रात्र गार हवी

एप्रिल-मेमध्ये ठाण्या-डोंबिवलीच्या गॅलऱ्यांमधून टोमॅटोची झाडं बघावीत. छातीइतकी उंच, पानं हिरवीगार, फुलांचे घोस लगडलेले, आणि फळाच्या नावाने शंख. मालक खतं बदलतात, पाणी वाढवतात, कोणी ताक शिंपडतो, कोणी अंड्याची टरफलं कुटून घालतो. फुलं तरी गळतातच. ‘झाड माजलंय’ असं शेतकरी म्हणतात ते हेच. नत्र जास्त झालं की झाड माजतं हे खरं, पण इथे दोष खताचा नसतो. झाडाची तब्येत उत्तम असते. नापास झालेला असतो तो परागकण, आणि तोही आठ-दहा दिवसांपूर्वीच.

गळायला आलेलं फूल हातात घेऊन पाहिलं तर बरंच कळतं. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठीसारखा सांधा असतो. आधी देठ पिवळा पडतो, मग फूल त्या सांध्यापाशी सुटतं आणि खालचा खुंट झाडावरच राहतो. मागे वळलेल्या पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध परागकोशांची जुळून झालेली एक नळी दिसते. स्त्रीकेसर या नळीच्या आत दडलेला असतो. परागकण बाहेर वाऱ्यावर उधळत नाहीत, ते नळीत आतल्या आत सांडतात आणि तिथेच त्याच फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर बसतात. म्हणजे टोमॅटोचं लग्न घरातल्या घरात लागतं, वऱ्हाड लागत नाही. थोडा हादरा मात्र लागतो. शेतात तो वारा देतो, नाहीतर काळा भुंगा. भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि नळीतून पराग झाडून घेतो. आपल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. बंद गॅलरीत वारा नसेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घोसामागे बोटाने टिचकी मारली तरी काम भागतं.

हीच टिचकी जानेवारीत काळ्या कागदावर मारली तर फिकट पिवळी पूड पडते. मेमध्ये कागद कोरा राहतो, किंवा पडलेले कण भिंगाखाली सुरकुतलेले दिसतात. कधी आणखी एक गोष्ट नजरेला येते. उन्हाळ्यात स्त्रीकेसर लांबतो आणि नळीच्या तोंडातून बाहेर डोकावतो. आतला पराग मग त्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही. घरातल्या घरात लागणारं लग्न नवरी उंबऱ्याबाहेर गेल्याने मोडतं.

उष्णतेचा हा घाव नेमका कुठे बसतो, याचा शोध घेणाऱ्यांत फ्रिट्स वेन्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव आधी घ्यावं लागतं. झाडांमधल्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकामुळे तो तरुणपणीच प्रसिद्ध झाला होता. पुढे काही वर्षं त्याने जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात काढली आणि 1933 साली तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. तिथे तापमान हवं तसं राखता येईल अशा खोल्यांमध्ये त्याने टोमॅटो वाढवले. काही झाडं दिवसा एका खोलीत आणि रात्री दुसऱ्या खोलीत, अशी त्यांची रोज ने-आण चाले. 1944 साली त्याने निष्कर्ष मांडला: टोमॅटोला फळ धरायचं की नाही, हे प्रामुख्याने रात्र ठरवते. साधारण 15 ते 20 अंश सेल्सियसची रात्र असेल तर फळं भरभरून धरतात, रात्र त्याहून बरीच उबदार झाली की धरणं घटत जातं. दिवस उबदार आणि रात्र गार, अशी रोजची चढउतार या झाडाला लागते.

कारण समजायला अवघड नाही. पान दिवसा साखर तयार करतं. रात्री कारखाना बंद असतो, पण झाडाचा श्वास चालूच राहतो आणि त्यात साखर खर्ची पडते. रात्र जितकी गरम, तितका खर्च मोठा. याच काळात कळीच्या पोटात पराग घडत असतो आणि त्याला स्टार्चची शिदोरी हवी असते. फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीचा काळ यात सर्वांत नाजूक. त्या दिवसांत उष्णतेने गाठलं तर परागाला भरवणारा पेशींचा थर बिघडतो, साखर पोचत नाही आणि कण पोकळ राहतात. म्हणून गेल्या आठवड्यातल्या उष्णतेच्या लाटेचं बिल आजच्या फुलावर येतं. आज हवा गार झाली तरी आजचं फूल वाचत नाही. फूल गळताना पाहून जो माणूस औषधाच्या दुकानात धावतो, त्याला उशीर झालेला असतो.

वेन्टच्या म्हणण्यात पुढे थोडी दुरुस्ती झाली. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात मेरी पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवलं की रात्र एकटी गुन्हेगार नाही. दिवस-रात्र मिळून येणारी सरासरी 25 अंशांवरून 29 वर गेली की फळं पार रोडावतात. शिवाय पराग देणारं झाड तापलेलं असेल तर नुकसान जास्त, पराग घेणारं झाड तापलेलं असेल तर त्या मानाने कमी, हेही त्यांना आढळलं. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही मतांचा अर्थ एकच निघतो. आपल्याकडे दिवस तर तापणारच. सरासरी खाली आणायची ताकद उरते ती रात्रीतच. शेतीच्या पुस्तकांत ढोबळ आकडे असे सापडतात: दिवसा 32 ते 35 अंशांच्या वर आणि रात्री 21-22 अंशांच्या वर पारा टिकून राहिला की फळधारणा घसरणीला लागते.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. टोमॅटो हे थंड देशातलं झाड आणि आपण ते गरम देशात ओढून आणलं, असा समज असतो. तो चुकीचा आहे. टोमॅटोचे रानटी नातेवाईक एक्वाडोर, पेरू आणि उत्तर चिलीत, अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढतात. हा प्रदेश बराचसा उष्णकटिबंधातच येतो. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्तापासून अवघ्या 12 अंशांवर आहे, पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. पण तिच्या किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो, त्यामुळे तिथला उन्हाळाही मुंबईच्या हिवाळ्याइतकाच सौम्य असतो. पुढे हे झाड मेक्सिकोत लागवडीला आलं. मेक्सिको सिटीची उंची समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर, तिथे रात्री गारच पडतात. म्हणजे टोमॅटो उष्णकटिबंधातलाच, पण त्यातल्या गार कोपऱ्यात वाढलेला. भरपूर ऊन, कोरडी हवा आणि रात्री अंगावर घ्यावंसं वाटेल असा गारवा, ही त्याची सवय. पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला तो ही सवय घेऊनच. आपल्याकडे असा कोपरा कुठे आहे आणि तो वर्षातून किती दिवस उघडा असतो, एवढाच काय तो शोध घ्यायचा.

महाराष्ट्रात असा कोपरा म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेची देशावरची पट्टी. जुन्नर तालुका सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये दुपारी अंगाची लाही होते, पण हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते. पुण्याचं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये दुपारी 38 अंश आणि पहाटे 20 च्या आसपास. मुंबईत मे महिन्यात दुपारी जेमतेम 33-34, म्हणजे पुण्यापेक्षा कमीच. पण पहाटेसुद्धा 27. शिवाय हवा इतकी दमट की असलेला परागही चिकटून गोळा होतो आणि सुटत नाही. माणसाला मुंबईचा उन्हाळा घामाचा वाटतो, टोमॅटोला तो निपुत्रिक करणारा असतो.

राज्यातल्या दोन मोठ्या टोमॅटो पट्ट्यांनी वर्ष जणू वाटून घेतलं आहे. नाशिककडची लागवड पावसाळ्यात होते आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल श्रावण-भाद्रपदापासून येऊ लागतो. नारायणगाव, जुन्नरच्या भागात उन्हाळी हंगाम मोठा. रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायची आणि तोडे एप्रिलअखेरीपासून जून-जुलैपर्यंत. कुकडीच्या धरणांचं पाणी, ठिबक, बांबू-तारांचा खर्च करण्याची तयारी आणि उंचीवरचा तो रात्रीचा गारवा, यावर हे गणित उभं आहे. रोपं जितकी लवकर लावावीत तितकी फुलं गार रात्रींत येतात, आणि जितकी उशिरा लावावीत तितका पावसाळ्याच्या तोंडावरचा चढा भाव गाठता येतो. हा दरवर्षीचा जुगार आहे. कधी ऐन कळीच्या वेळी उष्णतेची लाट येते आणि मधले दोन-तीन घोस वांझ जातात. बांधावरून पाहिलं तर खाली फळं, वर फळं, मध्ये नुसती सुतळी.

2023 साली याचा हिसका सगळ्या देशाला बसला. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, कित्येकांनी उभ्या पिकाकडे पाठ फिरवली. त्यावर उष्णता आणि विषाणूंचा मारा झाला, मग पाऊस. जुलैमध्ये शहरांतून टोमॅटो शंभरीच्या पार गेला, काही ठिकाणी किलोला दोनशेच्याही वर. केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत टोमॅटो विकत घेऊन दिल्लीत आधी 90 रुपयांनी, मग 80 आणि 70 रुपयांनी विकला. नेपाळमधूनही आयात झाली. ज्यांच्या रानात त्या दिवसांत माल होता, त्या नारायणगावच्या काही शेतकऱ्यांच्या कमाईच्या बातम्या झाल्या. सप्टेंबरात भाव पुन्हा आपटले. बातम्यांत व्यापारी, साठेबाजी, पेट्रोल यांची चर्चा रंगली. टोमॅटो साठवून ठेवायची वस्तूच नाही, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. कळीपासून बाजारापर्यंत या पिकाला दोन महिने लागतात, तेव्हा जुलैची टंचाई मेमध्येच रानात दिसत असते.

उष्णता परागापाशीच थांबत नाही. फळाच्या रंगाचंच पाहा. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. झाडात ते 20 ते 25 अंशांच्या आसपास चांगलं तयार होतं आणि 30-32 अंशांच्या वर जवळजवळ थांबतं. पिवळसर रंगाचं कॅरोटीन मात्र बनत राहतं. म्हणून मेमधलं फळ झाडावर कितीही दिवस ठेवा, ते नारिंगीच राहतं, वर मऊ पडतं. उपाय सोपा आहे. फळावर गुलाबी छटा दिसली की तोडायचं आणि घरात सावलीच्या, गार जागी पिकू द्यायचं. फ्रिजमध्ये नव्हे, तिथे चवही जाते आणि रंगही.

थेट ऊन लागलेल्या फळाच्या खांद्यावर पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. खालची पानं छाटून झाड ‘मोकळं’ करायची हौस उन्हाळ्यात अंगाशी येते ती अशी. फळाच्या बुडाला काळा, चपटा चट्टा पडतो त्याला मात्र अनेकजण रोग समजतात आणि बुरशीनाशक मारतात. तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं, आणि पाणी आज लोटाभर, उद्या ठणठणाट असं मिळालं की टोकाला तुटवडा पडतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी किती यापेक्षा नियमित किती, हे महत्त्वाचं. अंड्याची टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर टोमॅटोचा हंगाम संपलेला असतो.

मुळांना गार ठेवणं हाही त्याचाच भाग. उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा पसरला तर माती निवते आणि ओल टिकते. मल्चिंग पेपर वापरायचा तर चंदेरी बाजू वर. काळी बाजू वर ठेवली तर खालची माती आणखी तापते. चंदेरी चकाकीने पांढरी माशीही बिचकते, हा वरचा फायदा. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या दुपारी हात लावू देत नाहीत. त्यांना पोतं गुंडाळावं किंवा त्या दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवाव्यात. दुपारपुरतं हिरवं शेडनेट चांगलं, पण दिवसभराची दाट सावली करू नये. उजेड कमी पडला की पुन्हा साखर कमी, आणि आपण होतो तिथेच.

पांढऱ्या माशीचा विषय निघालाच आहे. उष्ण, कोरड्या दिवसांत ती बेसुमार वाढते आणि पानं मुरडवणारा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. याला चुरडा-मुरडा म्हणतात. रोप लहान असताना तो लागला तर ते झाड गेलंच म्हणून समजावं. लागण झाल्यावर औषध नाही, म्हणून सगळी लढाई रोपवाटिकेतली. बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली रोपं वाढवायची आणि शेताच्या कडेने मक्याच्या दाट ओळी आधीच उभ्या करायच्या. 2020 च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळांवर पिवळे-हिरवे पट्टे उमटले आणि ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून हाकाटी झाली. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा काकडीवरचा जुनाच मोझॅक विषाणू आढळला. असे वनस्पतींचे विषाणू माणसाला काही करत नाहीत. पण करोनाचे दिवस, त्यात कोणीतरी टीव्हीवर घबराट उडवून दिली, आणि शेतकऱ्याचा खाण्याजोगा मालही कोणी घेईना.

कोकण-गोव्याचं दुखणं वेगळं. तिथे रात्र गरम आहेच, वर माती आम्ल आणि ओल भरपूर. तिथला खरा वैरी जिवाणूजन्य मर. दुपारी हिरवंगार झाड एकाएकी माना टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं आणि चार दिवसांत उभ्या उभ्या मरतं. पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापातून दुधट धागे सावकाश खाली उतरताना दिसतात. ते जिवाणूच. बुरशीची मर असेल तर पाणी स्वच्छ राहतं. हे समजलं म्हणजे निदान बुरशीनाशकाचा खर्च वाचतो. जमिनीत हा जिवाणू वर्षानुवर्षं तग धरतो. त्यावर तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने एक फार चांगली वाट दाखवली: टोमॅटोचं कलम वांग्यावर बांधायचं. दोघं एकाच कुळातली. वांग्याच्या निवडक जातींची मुळं मर रोगाला दाद देत नाहीत आणि पाणी साचलं तरी टिकतात. रोपं पेन्सिलपेक्षा बारीक असतानाच तिरका काप देऊन रबरी नळीच्या तुकड्याने जोडतात आणि काही दिवस दमट, अंधाऱ्या जागी ठेवतात. केरळ कृषी विद्यापीठाने ‘शक्ती’, ‘मुक्ती’ आणि ‘अनघा’ हे मर सोसणारे वाण काढले, ते अशाच दमट हवेसाठी.

उष्णता सोसणाऱ्या वाणांबद्दल मात्र जाहिराती वाचताना सावध राहावं. असे वाण आहेत. दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ त्यातलाच. पण ते उष्णतेला जिंकत नाहीत, दोन-तीन अंशांची सवलत मिळवून देतात, आणि त्याची किंमत बहुधा लहान फळाच्या रूपात घेतात. फुलांवर संप्रेरक फवारून फळ धरवता येतं, तेही खरं. पण परागाविना धरलेलं ते फळ बऱ्याचदा बी नसलेलं, आतून पोकळ आणि बेढब निघतं. बाजारात ते खपतं, पण बाटलीच्या भरवशावर लागवडीची तारीख पुढे ढकलणं मला पटत नाही.

घरच्यासाठी मुंबई-कोकणात टोमॅटो लावायचा असेल तर मेमध्ये त्याऐवजी भेंडी, गवार लावावी, त्यांना हा उकाडा मानवतो. फारच हौस असेल तर चेरी टोमॅटोचं एखादं झाड ठेवावं, त्याला गरम दिवसांतही चार फळं लागतात. मोठ्या टोमॅटोचं बी गणपती विसर्जनानंतर, साधारण सप्टेंबरच्या मध्यावर, ट्रेमध्ये कोकोपीटवर टाकावं. वर मच्छरदाणीचं जुनं कापड असू द्यावं. पंचवीस-तीस दिवसांनी, ऑक्टोबरच्या मध्यावर, रोपं मोठ्या कुंडीत न्यावीत आणि खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडावं, म्हणजे गाडलेल्या भागालाही मुळं फुटतात. मग कळ्या नोव्हेंबरात घडतात. त्या वेळी मुंबईची पहाट वीस-एकवीस अंशांवर आलेली असते आणि पुढे ती आणखी उतरत जाते. फुलानंतर पिकायला दीड-पावणेदोन महिने धरले तर पहिलं लाल फळ संक्रांतीच्या आसपास हाती येतं. मार्चच्या मध्यानंतर नव्या फुलांच्या मागे लागू नये, शेंडे खुडून टाकावेत आणि झाडावर असेल तेवढीच फळं पोसू द्यावीत.